रुपयावरचा राजा आणि रुपयातली चांदी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मला मोकळीक दिली. मी कामगार कायद्यावर बोलेन अशी पुष्कळांची समजूत असेल. मी बोलणार आहे जुन्या चांदीच्या नाण्यांवर. नाणेशास्त्र हा खरे पाहता पंडितांचा प्रांत. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात फार. परंतु युनियनच्या कामात एक प्रश्न रोज समोर येतो, तो म्हणजे पगार नेमका किती? या प्रश्नाला नेहमी दोन उत्तरे असतात. एक उत्तर कागदावरच्या आकड्याचे आणि दुसरे त्या आकड्यात घरी येणाऱ्या ज्वारीचे, कापडाचे, तेलाचे. या दोन उत्तरांतले अंतर आपल्या मुलुखात एकेकाळी प्रत्यक्ष रुपयाच्या अंगात होते. ते तराजूत घालून मोजता येत असे. म्हणून हा विषय मला पंडितांइतकाच मजुरांचाही वाटतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आजीच्या डब्यात किंवा देवघरात, चारमिनारचे चित्र असलेला एखादा चांदीचा रुपया अजून असेल. आपल्याकडे त्याला हाली रुपया किंवा हाली शिक्का म्हणत. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू असलेला. निजामाच्या संस्थानात, म्हणजे नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांत आणि तिकडे तेलंगणात व कानडी भागातही हाच रुपया चालत असे. इंग्रजांच्या मुलुखातल्या रुपयाला मात्र ‘कलदार’ हे नाव होते. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला तो कलदार. एका देशात दोन रुपये, आणि दोघांची किंमत वेगळी. हे असे का झाले आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला, हे आज पाहायचे आहे.

आधी नाण्यावर काय लिहिलेले असते ते पाहू. नाणे हे जुन्या काळचे सर्वांत मोठे जाहिरातपत्रक होते. वर्तमानपत्र नव्हते, रेडिओ नव्हता. राजा कोण आहे आणि तो कोणाच्या कृपेने राज्य करतो, हे खेड्यातल्या माणसाला कळायचे ते नाण्यावरून. म्हणून गादीवर बसलेल्या राजाने पहिले काम करायचे ते आपल्या नावाचे नाणे पाडण्याचे. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे नागरी लिपीत आली. मुलुखात सगळीकडे फार्सी अक्षरांची नाणी चालू असताना ही अक्षरे म्हणजे स्वतंत्र राज्याची घोषणाच होती.

चांदीच्या रुपयाची गोष्ट मात्र निराळी झाली. अठराव्या शतकात मोगलांची सत्ता खिळखिळी झाली, पण रुपयावरचे मोगल बादशहाचे नाव काही गेले नाही. पेशवाईतला अंकुशी रुपया घ्या. त्यावर अंकुशाची खूण मराठ्यांची, पण नाव दिल्लीच्या बादशहाचे. हैदराबादचा निजाम १७२४ पासून व्यवहारात स्वतंत्र होता. त्याच्या रुपयावरही बादशहाचेच नाव. आणि मौज अशी की, इंग्रजांच्या कंपनीनेही वर्षानुवर्षे शाह आलम बादशहाच्या नावाने रुपये पाडले. मराठे, निजाम आणि इंग्रज हे आपसांत लढत होते, परंतु तिघांच्या खिशातल्या रुपयावर नाव एकाचेच!

याचे कारण निष्ठा नव्हे, बाजार हे आहे. लोकांना त्या नावाची सवय होती. सराफ ते नाव पाहून रुपया घेत असे. नवे नाव घातले की सराफ नाणे उलटेसुलटे करून पाहणार, दगडावर वाजवणार, वजन करणार आणि बट्टा कापणार. बट्टा म्हणजे नाण्याच्या तोंडच्या किमतीतून सराफाने केलेली कपात. आपल्या भाषेत एखाद्याच्या नावाला ‘बट्टा लागला’ असे आपण म्हणतो, ते या सराफकट्ट्यावरूनच आलेले आहे. बट्टा चुकवायचा तर ओळखीचे नाव ठेवणेच शहाणपणाचे होते.

मग १८५७ साल आले. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला, बहादुरशहाला, इंग्रजांनी रंगूनला पाठवले. आता रुपयावर नाव कोणाचे घालायचे? काही संस्थानिकांनी व्हिक्टोरिया राणीचे नाव घातले. हैदराबादने ते केले नाही. त्यांनी आपल्या घराण्याच्या मूळ पुरुषाची पदवी घातली, ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर’, आणि तिच्याबरोबर एक आकडा घातला, ९२.

हा ९२ काय आहे? अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक संख्या ठरलेली असते. या पद्धतीला अबजद म्हणतात. आपल्याकडे संस्कृतात ‘कटपयादि’ नावाची अक्षरांवरून अंक काढण्याची रीत आहे, तसाच हा प्रकार. मीम या अक्षराचे ४०, हे या अक्षराचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४. बेरीज ९२. ही अक्षरे जोडली की ‘मुहम्मद’ हे पैगंबरांचे नाव होते. म्हणजे बादशहाच्या रिकाम्या जागी राणी न आणता संस्थानाने धर्माचा आधार घेतला, आणि तोही उघड अक्षरांत न घेता आकड्यात घेतला. मला वाटते यात मुत्सद्दीपणा होता. इंग्रजांना खटकेल असे काही लिहिलेले नाही, आणि ज्याला वाचता येते त्याने ते वाचावे.

धर्माचे नाव नाण्यावर येण्याचा आणखी एक प्रकार आपल्या नांदेडशी जोडलेला आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींनी नांदेडला देह ठेवला. त्याआधी त्यांची आणि बंदा बहादुराची भेट इथेच झाली, आणि इथूनच बंदा पंजाबकडे निघाला. पुढे शिखांनी जी नाणी पाडली त्यांवर राजाचे नाव नसून गुरूंचे नाव होते. देग, म्हणजे लंगरातले भांडे, तेग, म्हणजे तलवार, आणि विजय ही सारी गुरूंकडून मिळालेली देणगी आहे, अशा अर्थाचा फार्सी मजकूर त्यांवर असे. महाराजा रणजितसिंह केवढा प्रतापी! नांदेडच्या सचखंडाचे आजचे मंदिर त्याच्याच काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभे राहिले. पण त्याने आपल्या रुपयावर स्वतःचे नाव घातले नाही, गुरूंचेच ठेवले. अन्नाच्या भांड्याला नाण्यावर तलवारीच्या आधी जागा मिळाली, ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाला फार मोलाची वाटते.

आता कलदाराकडे वळू. १८३५ साली कंपनीने शाह आलमला रजा दिली आणि सबंध आपल्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा. पुढे व्हिक्टोरियाचा मुखवटा आला आणि तो ‘राणीछाप’ म्हणून घरोघर पोहोचला. चेहरा हीच इथे सत्तेची खूण होती. पण चित्राचे काम किती नाजूक असते ते सरकारला १९११ साली कळले. पाचव्या जॉर्जचा नवा रुपया निघाला. त्याच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक छोटासा हत्ती कोरलेला होता. खोदकाम असे झाले की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. डुकराचे चित्र असलेला रुपया हातात कसा घ्यायचा, असा मुसलमानांत गवगवा झाला. सरकारने उरलेले रुपये मागे घेऊन वितळवले आणि १९१२ साली सोंड नीट दिसेल असा ठसा नव्याने कोरून घेतला. नखाएवढ्या चित्रासाठी साम्राज्याला टांकसाळ थांबवावी लागली!

हैदराबादचा रुपया तोवर हातोडीने ठोकून पाडलेला, ओबडधोबड असे. एके काळी संस्थानात जिल्ह्याजिल्ह्यांत टांकसाळी होत्या आणि प्रत्येकीचा रुपया निराळा. दिवाण सालारजंग यांनी ही पांगापांग मोडून टांकसाळीचे काम हैदराबादला एकवटले. पण मोठी अडचण १८९३ साली आली. तोवर कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि ठरलेली मजुरी देऊन रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा इंग्रजी मुलुखात होती. त्या वर्षी सरकारने ती बंद केली. चांदी जगभर स्वस्त होत होती, पण कलदार कमी निघू लागल्यामुळे त्याचा भाव आतल्या चांदीहून वर राहिला. हालीचा भाव मात्र चांदीबरोबर हेलकावे खाऊ लागला. या गोंधळानंतर निजाम सरकारने यंत्रावरचा नवा रुपया काढायचे ठरवले. १९०३ साली सैफाबादची टांकसाळ सुरू झाली आणि चारमिनारचा रुपया बाजारात आला.

या रुपयावर राजाचा चेहरा नाही. चारमिनारची इमारत आहे आणि सभोवती फार्सी अक्षरांत आसफजाही पदवी. ही इमारत निजामांनी बांधलेली नव्हे. ती १५९१ सालची, कुतुबशाहीतली. पण तिच्या वरच्या मजल्यावर मशीद आहे, आणि हैदराबाद म्हटले की डोळ्यांसमोर ती येते. राजाचे चित्र टाळून राजधानीचे चित्र घातले, आणि त्यातच धर्मही आला. राजा स्वतः मात्र एका अक्षरात आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत बारकाईने पाहा. तिथे ‘मीम’ असेल तर तो रुपया मीर महबूब अली खान यांच्या काळचा, म्हणजे १९११ पर्यंतचा. ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या काळचा, १९११ नंतरचा. दुसऱ्या बाजूला किंमत, राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’, म्हणजे शुभ पायावर वसलेले हैदराबाद, असे टांकसाळीचे नाव.

इथपर्यंत आपण नाण्याचा चेहरा पाहिला. आता पोटात शिरू.

हाली रुपयाचे वजन होते ११.१८ ग्रॅम, आणि हजार भागांत चांदी ८१८ भाग. म्हणजे एका हालीत निव्वळ चांदी ९.१४ ग्रॅम. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, हजार भागांत चांदी सुमारे ९१७ भाग. म्हणजे निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. आता गुणाकार करा. सात हाली रुपयांत चांदी ६४ ग्रॅम. सहा कलदारांतही चांदी ६४ ग्रॅम. आणि सरकारी भाव काय होता? शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हिशेब केला तर तो सहास सात असाच निघतो. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला राजाचा मुखवटा, एकावर पैगंबरांचा आकडा, दुसऱ्यावर इंग्लंडचा मुकुट, आणि व्यवहाराचा भाव ठरला तो आतल्या चांदीशी जुळणारा.

समजा, एखाद्या कामगाराला महिना ३५ रुपये हाली मिळत. त्याचे कलदार होत ३०. कोणी विचारील, गावात ज्वारी हालीनेच विकली जात होती, मग तोटा कसला? आक्षेप बरोबर आहे. शेजारच्या शेतातली ज्वारी घ्यायची तोवर तोटा नव्हता. पण सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांचे कापड, रॉकेल, विलायती औषध हे सारे कलदाराच्या मुलुखातून येत असे. व्यापाऱ्याने ते कलदाराने विकत घ्यायचे, मग हालीतली किंमत सांगताना हुंडणावळीचा फरक धरायचा, आणि भाव उद्या हलेल म्हणून थोडे अधिकही धरायचे. मुलगा मुंबईला कामाला गेला आणि त्याने कलदार आणले, तर त्यांचे हाली करतानाही मोडीचे पैसे सराफाकडे. जाताना बट्टा आणि येतानाही बट्टा. व्यापारी तो पुढच्यावर ढकलू शकतो. सावकार तो व्याजात मिळवतो. ज्याच्याजवळ विकायला फक्त दोन हात आहेत, त्याला ढकलायला पुढे कोणी नसते.

ही तक्रार केवळ आपल्या मुलुखातली नाही, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला पाचशे वर्षे मागे आणि फार दूर, मध्य युरोपातल्या हंगेरी देशात नेतो. तिथल्या डोंगरांत चांदी, सोने आणि तांबे यांच्या मोठ्या खाणी होत्या. क्रेम्नित्सा या खाणींच्या गावात चौदाव्या शतकापासून टांकसाळ होती. ते गाव आज स्लोव्हाकिया देशात आहे. राजा मात्याश, राज्यकाल १४५८ ते १४९०, याने आपल्या चांदीच्या लहान नाण्यावर, त्याला देनार म्हणत, येशूची आई मेरी आणि तिच्या मांडीवर बाळ असे चित्र घातले. दुसऱ्या बाजूला राजाचे निशाण. मेरी ही हंगेरीची पालनकर्ती माता, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आपल्या तुळजाभवानीला महाराष्ट्राचे कुलदैवत मानतात, तशीच म्हणा. लोकांचा त्या नाण्यावर विश्वास बसला तो देवीमुळे आणि त्यातल्या चांदीमुळेही.

पुढे लायोश नावाचा तरुण राजा गादीवर होता. तुर्कांची स्वारी आली आणि खजिन्यात पैसा नव्हता. १५२१ साली दरबाराने एक युक्ती काढली. देनारवरची मेरी तशीच ठेवली, राजाचे निशाणही तसेच ठेवले, आणि आतली चांदी सुमारे निम्म्यावर आणली. चेहरा तोच, पोट रिकामे. बाजाराला हे कळायला वेळ लागला नाही आणि भाव चढले. मग १५२५ साली आज ज्याला बान्स्का बिस्त्रित्सा म्हणतात त्या गावाचे खाणकामगार उठले. खाणी फुगर नावाच्या जर्मन सावकारी पेढीच्या ताब्यात होत्या. आम्ही जमिनीच्या पोटातून धातू काढतो, आणि आम्हालाच हिणकस नाण्यात मजुरी? असा त्यांचा सवाल होता. हा उठाव १५२६ साली मोडून काढण्यात आला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीचा पाडाव केला आणि लायोशचा मृत्यू झाला. त्यानंतर गादीसाठी दोघे भांडू लागले, आणि दोघांनीही आपापल्या नाण्यांवर तीच मेरी घातली. आपल्याकडे एकमेकांशी लढणाऱ्यांच्या रुपयावर एकच शाह आलम होता, तसेच हे झाले.

हंगेरीच्या कामगारांकडून मी एवढेच शिकलो की नाण्यावरच्या देवीला नमस्कार जरूर करावा, पण मजुरी घेताना नाणे वाजवूनही पाहावे. त्या माणसांची श्रद्धा खोटी नव्हती. श्रद्धेचा उपयोग दुसऱ्यानेच करून घेतला होता.

आता पुन्हा घरी येऊ. चांदीचा रुपया दुसऱ्या महायुद्धाने संपवला. १९४० साली इंग्रज सरकारने कलदारातली चांदी अर्ध्यावर आणली. लवकरच हालीचेही तेच झाले. १९४७ साली कलदार निकेलचा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५० पासून भारताचा रुपया आपल्याकडे अधिकृत झाला. हाली काही वर्षे त्याच्या बरोबरीने चालला आणि १९५९ साली कायमचा गेला. मधेच १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. दहा वर्षांत मराठवाड्यातल्या माणसाला तीन हिशेब शिकावे लागले, हाली, कलदार आणि नवा पैसा! आणि प्रत्येक बदलात ज्याला हिशेब येत नव्हता त्याचा तोटा झाला. रात्रशाळेत मी गणितावर एवढा भर का देतो, हे आता आपल्या ध्यानात येईल.

१९५० च्या भारतीय रुपयावर राजा नाही. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या. देव नाही, पदवी नाही, शेतातले पीक आहे. मला हे चित्र आजवर पाहिलेल्या नाण्यांच्या चित्रांत सर्वांत आवडते. पण लक्षात ठेवा, त्या रुपयात चांदी नव्हती. तेव्हापासून रुपयाची किंमत सराफाच्या तराजूत दिसेनाशी झाली. बट्टा मात्र गेला नाही. त्याने नाव बदलले. आज त्याला आपण महागाई म्हणतो. १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांत द्यावी असे बांधून दिले. धान्य किंवा दुकानाची चिठ्ठी देऊन भागवण्याला त्याने आळा घातला, आणि ते योग्यच झाले. परंतु नाणे चालू असले तरी त्याचे पोट भरलेले आहे की नाही, हे पाहण्याचे काम कामगारालाच करावे लागते. महागाई भत्त्याची मागणी म्हणजे दुसरे काय? सात हालीचे सहा कलदार होतात, तर आम्हाला सातवा रुपया भरून द्या, एवढाच तिचा अर्थ.

जुन्या रुपयांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवर बंजारा बायांच्या दागिन्यांत जुने रुपये ओवलेले दिसतात. शेजारी शेजारी राणी आणि चारमिनार. लक्ष्मीपूजनाला कित्येक घरी पाटावर राणीछाप किंवा हाली रुपया मांडतात आणि त्याला हळदकुंकू वाहतात. इंग्लंडच्या ख्रिस्ती राणीला आणि हैदराबादच्या मशिदीला लक्ष्मी म्हणून कुंकू लागते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांचे हेतू त्यांच्याबरोबर गेले. लोकांनी त्या चांदीला आपल्या कष्टाचे आणि आपल्या घरच्या देवाचे नाव दिले. मालक बदलले, चित्रे बदलली, पण ती चांदी ज्या बाईने पोटाला चिमटा घेऊन जपली, ती तिचीच राहिली.

आपण घरी गेल्यावर असा एखादा रुपया सापडला तर चारमिनारच्या कमानीत डोकावून मीम आहे की ऐन आहे ते पाहा. मुलांना ९२ ची बेरीज करून दाखवा. मग सराफाकडे त्याचे वजन करून घ्या, विकण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. आणि पुढच्या वेळी पगारवाढीचा आकडा कोणी मोठ्याने वाचून दाखवला, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी तोच प्रश्न विचारा, जो सराफ प्रत्येक नाण्याला विचारत असे. हा रुपया वाजतो कसा?